महाजनसरांनी मिळवून दिलेली माफी

महाजनसर कुठल्याही जनावराला सुई टोचण्याआधी त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन स्वतःचं नाव सांगायचे. "मी महाजन. जरा दुखेल हं." म्हैस असो, बैल असो, नाहीतर शिंगं रोखून उभा असलेला मारका गोऱ्हा असो, ओळख करून दिल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुदकन हसले होते. सर म्हणाले, "हसतेस काय? अनोळखी माणसाने येऊन तुझ्या मानेत सुई खुपसली तर चालेल तुला?" पुढे मलाही ती सवय लागली. आजही रक्त काढताना तोंडातून आपसूक माझं नाव निघतं, आणि निघालं की मला सरांचा राग येतो.

मध्यंतरी त्यांच्या सत्काराच्या गौरव अंकासाठी फोन आला. "मॅडम, दोन पानं द्या. तुम्ही तर सरांच्या लाडक्या." मी हो म्हटलं. लाडकी होतेच, त्यात खोटं काही नाही. लिहायला बसले तर हे असं निघालं. हे ते छापणार नाहीत, आणि छापावं असा माझा हट्टही नाही. पण सरांबद्दल दुसरं काही लिहायला हातच वळत नाही, त्याला मी काय करू?

सर सरकारी पशुवैद्य. उंच, काटकुळे. खिशाला पेन नसायचं, थर्मामीटर असायचा, आणि तो हरवू नये म्हणून दोऱ्याने शर्टाच्या बटणाला बांधलेला. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या बाजूला त्यांचं घर. मागच्या गल्लीत पॉवरलूमची दिवसभर खडखड चालायची, म्हणून सरांना घरातही ओरडून बोलायची सवय झाली होती. गोठ्यात मात्र आवाज एकदम खाली. बाई माहेरी आल्यावर आईशी बोलते त्या आवाजात ते म्हशींशी बोलायचे.

आणि त्यांची ती बादली! जीपच्या मागे धुण्याच्या सोड्याची एक पत्र्याची बादली कायम असायची. कुठल्याही गोठ्यात शिरताना गमबूट त्या पाण्यात बुडवायचे, निघतानाही बुडवायचे. लाळ-खुरकूत, म्हणजे जनावरांच्या तोंडाला-खुरांना फोड आणणारा रोग, ज्याला आमच्याकडे सगळे खुरपका म्हणतात, त्याचा विषाणू या साध्या सोड्याने मरतो. महागाची औषधं लागत नाहीत. एकदा भोपाळहून कुणी मोठे साहेब पाहणीला आले होते. चकचकीत बूट. सरांनी गोठ्याच्या दारात बादली ठेवली आणि म्हणाले, "साहेब, पाय."

साहेबांना वाटलं, सर पाया पडतायत. त्यांनी घाईने "अरे नहीं नहीं" केलं.

"पडत नाही, बुडवा म्हणतोय," सर म्हणाले. साहेबांनी बुडवले. परत जाताना सोड्याच्या पांढऱ्या डागांचे बूट घेऊन साहेब गाडीत बसले तेव्हा आम्ही केळीच्या आड जाऊन पोट धरून हसलो होतो. सर हसले नव्हते. "यांच्या बुटाला चिकटून रोग गावात आला तर हे येणार आहेत का वासरं पुरायला?" एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याकडे आले ती प्रयोगशाळा सहायक म्हणून. माझे वडील मूळचे जळगावकडचे, इथे कागद कारखान्यात कामाला होते. पोरगी म्हशींचं रक्त काढत गावोगाव फिरणार हे त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. सर आमच्या क्वार्टरवर आले, पिठलं-भाकरी जेवले आणि जेवता जेवता म्हणाले, "तुमच्या मुलीचा हात थरथरत नाही. माझा थरथरतो. मला तिची गरज आहे." सरांचा हात थरथरत नव्हता. माझ्यासाठी ते खोटं बोलले होते, आणि त्या वेळी मला ते खोटं फार मोठ्या मनाचं वाटलं होतं.

शिकवण्याची त्यांची एक वेगळीच तऱ्हा होती. खुरकुताची लस आणि खुरकूत यांतला फरक गावकऱ्यांना कळावा म्हणून ते आपल्या लग्नातला कोट घेऊन जायचे. भर उन्हात, तुकईथडच्या दूध केंद्रासमोर, सर तो कोट अंगात घालून उभे राहायचे. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या.

"हा मी विषाणू," सर सांगायचे. "मला घर नाही, कारखाना नाही. कोटाच्या आत नुसती एक चिठ्ठी आहे, माझ्यासारखे आणखी कसे बनवायचे त्याची. लशीत काय असतं? मेलेला मी. म्हणजे नुसता हा कोट. म्हशीचं शरीर कोट पाहून ठेवतं आणि कोट ओळखणारे पहारेकरी तयार करतं. त्यांना म्हणायचं प्रतिपिंडं. उद्या मी खरा आलो की ते मला दारातच धरणार."

मग ते कोट काढून खुंटीला लावायचे आणि पिशवीतून पाना, हातोडी, करवत अशी अवजारं बाहेर काढायचे. "आणि पहारा नसला तर? मी आत शिरतो. कोट उतरवतो. मग आत बसून ही अवजारं घडवतो आणि तुमच्याच म्हशीच्या पेशीत माझ्या नकला काढतो. घाईघाईने काढतो, चुका करत करत काढतो, म्हणून दर खेपेला थोडा वेगळा दिसतो. आता लक्ष द्या. ही अवजारं लशीत नसतात. ती फक्त आत काम चालू असताना निघतात. शरीर ती अवजारंही पाहतं आणि त्यांनाही ओळखणारी प्रतिपिंडं तयार करतं. ती कुणाला अडवत नाहीत, त्यांचा उपयोग तेवढा नाही. पण रक्तात ती सापडली की समजायचं, इथे नुसती लस टोचलेली नाही, इथे रोग येऊन आपलं काम करून गेलाय. मालक काही का सांगेना!"

मोठमोठ्या पुस्तकांत जे मला कळलं नव्हतं ते त्या कोटाने कळलं. अजून मी नवीन मुलींना असंच शिकवते, फक्त कोट नेत नाही.

सरांचं सगळ्यात मोठं वैर होतं ते चिंधीशी. आमच्या खोऱ्यात जुनी रीत आहे. एका जनावराला खुरकूत झालं की त्याच्या तोंडाची लाळ चिंधीला लावायची आणि ती चिंधी बाकी सगळ्यांच्या तोंडातून फिरवायची. एकदाच सगळ्यांचं उरकून जातं, महिनोन्महिने एकामागून एक आजारपण काढत बसावं लागत नाही, असा हिशोब. मोठी जनावरं बहुतेक तगतात, म्हणून लोकांना ते पटतं. पण लहान वासरांच्या काळजावर हा रोग बसतो. वासरू आचळाला तोंड लावलेलं असताना जागच्या जागी कोसळतं. आणि शेजाऱ्याचं काय? त्याने कुठे मागितला होता हा रोग?

देडतलाईला एकदा सरांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला चिंधी फिरवताना पकडलं. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. सरांनी हात पुढे करून चिंधी मागितली, आपल्या बादलीत टाकली, उकिडवे बसून स्वतःच्या हाताने खसाखसा धुतली, पिळली आणि कुंपणावर वाळत घातली. अख्खी गल्ली पाहत उभी. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, हिने आता चुलीवरचं भांडं उतरव." म्हातारा ढसाढसा रडला. त्यानंतर देडतलाईत चिंधी फिरल्याचं आम्ही ऐकलं नाही. हळूहळू आसपासची गावंही सुधारली. हे काम सरांचं होतं, एकट्याचं, आणि मी त्यातलं काहीही कमी करून सांगणार नाही.

तुकईथडची रेखाबाई ही सरांची सगळ्यात पक्की विद्यार्थिनी. नवरा केळीच्या ट्रकवर, आज दिल्ली तर उद्या आणखी कुठे. घरच्या म्हशी, शेण, चारा, दूध सगळं हिच्याकडे. सरांनी सांगितलं म्हणून तिने गोठ्याच्या दाराशी सोड्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. सासऱ्यालाही त्यात पाय बुडवल्याशिवाय आत सोडायची नाही. गावात तिला "डॉक्टरीन" म्हणून चिडवायचे. ती चिडायची नाही, उलट तिला ते आवडायचं. सर जीपमधून उतरले की ती डोक्यावर पदर घेत म्हणायची, "सर, आधी घमेल्यात पाय टाका, मंग चहा." सर टाकायचे. मोठ्या कौतुकाने टाकायचे.

तिच्या गोठ्याला लागूनच, नाल्याच्या पलीकडे, सरांची स्वतःची शेती. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे म्हशी बांधल्या होत्या. बघायला एक गडी, सर रविवारी जायचे. निवृत्त झाले होते, पण खातं प्रत्येक शिबिराला त्यांनाच बोलवायचं आणि गावं अजून त्यांनाच विचारायची.

त्या वर्षी लस यायला उशीर झाला. आधीच्या लशीचा जोर ओसरत आलेला, आणि राज्याच्या सीमेपलीकडून खुरकुताच्या बातम्या यायला लागल्या होत्या. त्याच सुमारास रेखाबाईने देडतलाईच्या बाजारातून एक गाय घेतली. सरांनी शिकवलं होतं तसं तिने नव्या गाईला वेगळं बांधलं, वेगळ्या बादलीत पाणी दिलं. मी तेव्हा पाहणीसाठी गावात रक्ताचे नमुने घेत होते. रेखाबाईच्या म्हशींचं घेतलं, येऊन तीन आठवडे झालेल्या नव्या गाईचं घेतलं. सगळी जनावरं ठणठणीत. मग नाला ओलांडून सरांच्या म्हशींचंही घेतलं. त्या थोड्या हडकलेल्या वाटल्या. गडी म्हणाला, "चारा बदललाय ना मॅडम." मला शंका यावी असं त्यात काही नव्हतं. सरांचा गोठा होता तो.

नमुने घेऊन मी मोठ्या प्रयोगशाळेत प्रशिक्षणाला गेले आणि इकडे तुकईथडला खुरकूत फुटलं. पहिलं रेखाबाईकडे. म्हशींच्या तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत फोड. तिची दोन्ही वासरं गेली. मग शेजाऱ्यांकडे, मग गावभर, आणखीही वासरं गेली. गावाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बाजारातून गाय कुणी आणली? डॉक्टरीनने.

दूध केंद्राने तिचं दूध घेणं बंद केलं. हौदावर तिच्या म्हशी आल्या की बायका आपली जनावरं हाकलून न्यायच्या. कुणीतरी तिचं घमेलं लाथेने उडवलं. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं, रडत नव्हती, नुसती सांगत होती. "मॅडम, मी गाय येगळी बांधली होती ना? तुमी पाह्यली होती ना?"

"पाहिली होती. सर आले होते का?"

"आले होते. माह्या दारात उभे राह्यले. सगळ्यायपुढे इचारलं, गाय कुठून आनली? मी सांगतलं, देडतलाईच्या बाजारातून. मंग त्यायनं नुसती मान हालवली."

सरांनी मान हलवली. तुकईथडसाठी तेवढं पुरेसं होतं.

प्रयोगशाळेत आमच्या जिल्ह्याच्या नळ्या माझ्याच हाताखाली आल्या. तपासणीची तबकडी असते, तिला लहान लहान खळगे. सरांच्या त्या अवजारांना ओळखणारी प्रतिपिंडं रक्तात असली तर खळग्यात पिवळा रंग चढतो, नसली तर खळगा पाण्यासारखा राहतो. रेखाबाईच्या म्हशींची रांग पाण्यासारखी होती. तिच्या बाजारातल्या गाईचा खळगाही तसाच. म्हणजे रक्त घेतलं त्या दिवशी तिच्या गोठ्यात रोग आलेला नव्हता, आणि त्या गाईच्या अंगात तो कधीच आलेला नव्हता. तिच्या पुढच्या रांगेतले खळगे एकापाठोपाठ एक पिवळे झाले. मी नळ्यांवरची नावं पाहिली. महाजन. पुन्हा पाहिली. मग सगळी तपासणी परत केली, कारण चूक माझीच असणार याची मला खात्री होती. परत तेच आलं.

मी परतले ती सरळ शनवाऱ्याला गेले. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, दराब्याच्या मिठाईची वाटी पुढे ठेवली. सर झोपाळ्यावर बसले होते. नेहमीसारखे ओरडले, "बोल बेटा, रक्त काय म्हणतंय?"

मी निकालाचा कागद दिला. सरांना तो वाचायला वेळ लागला नाही. माझ्यापेक्षा त्यांनाच तो चांगला वाचता येत होता.

"पुष्कळ वेळा लस टोचलेल्या जनावरात कधी कधी असा खोटा रंग येतो," ते म्हणाले.

"येतो, सर. पण तुमच्या दोन वगारींना अजून एकदाही लस टोचलेली नाही. त्यांचाही आलाय."

मागे लूम चालू होते. सरांनी कागदाची घडी घातली. मग आवाज खाली आणून, गोठ्यात बोलायचे तसं, म्हणाले, "चिंधी फिरवली मी."

मला खरंच वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"लस येत नव्हती. पलीकडच्या पाड्यावर खुरकूत झालेला एक बैल पाहायला गेलो होतो, त्याची लाळ आणली. म्हटलं रोग येणारच आहे, मग म्हशी व्यायला झाल्या की ऐन दुधात येण्यापेक्षा आत्ता उरकून टाकावं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. गोठा बंद ठेवायला सांगितला होता गड्याला. त्याने बऱ्या झाल्या समजून नाल्यावर सोडल्या. आता त्याला काय बोलणार?"

"आणि रेखाबाई?"

"हं."

"सर, तिची गाय साफ होती. तिच्या गोठ्यात रोग आपल्याकडून गेला. तुमच्याकडून गेला. तिचं दूध बंद केलंय लोकांनी."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "पण तू विचार कर. उद्या लोकांना कळलं की महाजननेच चिंधी फिरवली, तर परवा प्रत्येक गोठ्यात चिंधी फिरेल. म्हणतील, बघा, डॉक्टर स्वतःच्या म्हशींना काय करतो आणि आपल्याला काय सांगतो. जन्मभराचं काम आहे बेटा. किती वासरं मरतील त्याचा विचार कर."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच मला जास्त संताप आला. तसं झालंही असतं. पण ती वासरं वाचवायची म्हणून किंमत मोजायची ती रेखाबाईने, आणि तीही तिला न विचारता? मी ओरडले. त्या घरात ओरडलं तरी कुणाला काही वाटत नसे. मी म्हणाले की अहवालात मी सगळं खरं लिहिणार आहे. सर म्हणाले, लिहायलाच हवं. मी म्हणाले की तेवढ्याने काही होणार नाही, वरच्या अहवालात गावाचं नाव येतं, माणसाचं येत नाही. दूध केंद्राचा अध्यक्ष मला फोनवर म्हणाला होता, मॅडम, तुमचं ते मशीन आम्हाले नाय समजत, सर म्हणतील तर उद्या दूध घेतो. "तुमच्या एका वाक्यावर अडलंय, सर," मी म्हणाले.

सरांनी दोऱ्याला बांधलेला थर्मामीटर हातात घेतला, पुन्हा खिशात ठेवला. "रविवारी चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "मी बोलतो."

मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? रविवारपर्यंत मी मनातल्या मनात सरांना माफही करून टाकलं. माणूस चुकतो, पण उभं राहून सांगतो, हे पाहायला मी निघाले होते. जीपमध्ये मी त्यांच्याशी पहिल्यासारखी बोलले. नेपा फाट्यावर आम्ही चहा घेतला आणि माझे पैसे त्यांनी नेहमीप्रमाणे देऊ दिले नाहीत.

दूध केंद्रासमोर लोक जमले होते. अध्यक्षाने खुर्ची दिली, सर बसले नाहीत. रेखाबाई बायकांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. सर बोलायला लागले. आधी रोगाबद्दल बोलले, लस वेळेवर आली नाही त्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "रेखाबाई माझी मुलगी आहे."

आता सांगणार, असं वाटलं.

"चूक झाली तिच्याकडून," सर म्हणाले. "मुद्दाम नाही केली तिने. बाजारातलं जनावर आणलं, कुणाच्याही हातून होतं. तिचीही वासरं गेलीत. आता किती शिक्षा द्याल? मी तुमच्यापुढे हात जोडतो. तिला माफ करा. पदरात घ्या."

आणि सरांनी खरोखरच हात जोडले. त्या उंच, काटकुळ्या माणसाने सगळ्या गावापुढे मान वाकवली.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अध्यक्ष उठून आला आणि त्याने सरांचे जोडलेले हात धरले. "क्या बात करते हो सर! तुमी सांगतलं म्हणजे झालं. सांजपासून घेतो दूध." मागून कुणीतरी म्हणालं, असा माणूस होणे नाही. मी उभी राहिले. "सर," मी म्हटलं, "रक्ताचं सांगा." सरांनी माझ्याकडे पाहिलं, मायेने पाहिलं, तेच मला सहन झालं नाही. "बेटा, तुझ्या तपासणीचं आपण नंतर बोलू. आत्ता मिटतंय ते मिटू दे."

मी तरीही बोलायला लागले, तोवर कुणीतरी माझा हात घट्ट धरून मला खाली ओढलं. ती रेखाबाई होती. "बसा मॅडम," ती कुजबुजली. "मिटलं ना. काहून उकरता?"

लोक पांगल्यावर मी तिला गोठ्यामागे नेलं आणि सगळं सांगितलं. चिंधी, म्हशी, नाला, पिवळे खळगे, तिच्या गाईचं साफ रक्त. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं आता ती किंचाळेल, नाल्याकडे धावत जाईल, काहीतरी करेल. ती म्हणाली, "तुमचं चुकलं असंल."

"दोनदा केली मी तपासणी."

"मंग दोनदा चुकलं असंल. मॅडम, माह्या सख्ख्या भावानं माह्यासाठी कोनापुढे हात नाय जोडले. सरनं जोडले. तुमी त्यायच्याबद्दल असं बोलू नका. माह्या दारात तर अजिबात बोलू नका." आणि ती दुधाची किटली घासायला बसली, कारण सांजेला केंद्रावर जायचं होतं.

परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये बसले नाही. बसने आले. त्यानंतर सरांच्या घरी गेले नाही. काकूंचे फोन यायचे, पुढे तेही थांबले. मी अहवाल लिहिला, खरा लिहिला, तो वर गेला आणि त्यातून तुकईथडच्या पुढे एक आकडा उरला. रेखाबाईने ती गाय विकून टाकली. निरोगी, दुधाळ गाय होती. गोठ्यात दिसली की लोक पुन्हा बोलतात, म्हणून विकली.

सर इथे होते तोवर लोक मला विचारायचे, मॅडम, तुम्ही आणि सर पहिल्यासारखे एकत्र दिसत नाही. मी म्हणायचे, कामं वाढली. काय सांगणार होते? की ज्या माणसाने मला खरं कसं शोधायचं ते शिकवलं, त्यानेच ते माझ्या डोळ्यांदेखत गाडलं, आणि तेही हात जोडून? सरांनी रेखाबाईला उघड दोष देऊन हात झटकले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते आणि कदाचित कधीतरी विसरलेही असते. त्यांनी तिला माफी मिळवून दिली, तिने न केलेल्या गोष्टीची. आता ती जन्मभर त्यांच्या उपकाराखाली राहणार, आणि मला ते उतरवता येणार नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या लसीकरणाच्या दिवशी, तुकईथडलाच. आता ते इंदूरला मुलाकडे असतात. त्या दिवशी उद्घाटनाला म्हणून त्यांना बोलावलं होतं आणि माझी ड्युटी होती. मी बर्फाच्या पेटीजवळ उभी राहून सिरिंज भरून देत होते. पहिली सुई सरांनी टोचायची असं ठरलं होतं, आणि पहिलं जनावर रेखाबाईने आणलं, तिची नवी वगार. सरांनी माझ्याकडून सिरिंज घेतली. आमची बोटं लागली, आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. ते वगारीच्या कानाशी वाकले, काय म्हणायचं ते म्हणाले, आणि इतक्या हळुवार हाताने त्यांनी लस टोचली की वगारीने शेपूटसुद्धा हलवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रेखाबाईने दावं दुसऱ्या हातात घेतलं, वाकली आणि सरांच्या गमबुटांवर डोकं ठेवलं. सर मागे सरकतील असं मला वाटलं. निदान एवढं तरी करतील असं वाटलं. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाले, "आता तरी बाजारातलं जनावर आणू नकोस हं बेटा."

"नाय आननार, सर," रेखाबाई म्हणाली.